मण्यांवरचा धागा

पिंगळीहून परभणीला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत एक प्राध्यापक रोज दाराजवळ उभे असत. शेतकी कॉलेजात शिकवतात, एवढंच मला ठाऊक होतं. नाव मी कधी विचारलं नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या वर्षांत नाव विचारणं म्हणजे जात विचारणंच होतं.

वर्गात दाखवण्यासाठी ते उभ्या उभ्याच लाकडी मण्यांवर शिवायचा दोरा गुंडाळत. एका मण्याला पावणेदोन वेढे, मग पुढचा मणी.

एकदा शेजारची जागा गाठोड्यानं अडवून बसलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलं, "काय गुंडाळायलाव, गुरुजी?"

"आपल्या अंगातला धागा, मामा. आईबापाकडून आलेला. डोळ्याला न दिसणाऱ्या एकेका पेशीत पुरुषभर लांबीचा असतो."

"मग मावतोय कसा?"

"त्याच्यावर सगळीकडं सारखाच विजेचा भार, म्हणून तो स्वतःलाच लांब ढकलतो. मधे उलट्या भाराचे प्रथिनांचे मणी आले, की त्यांना बिलगतो. डोक्यावर घासलेल्या कंगव्याला कापूस चिकटतो, तसा. मग मावतो."

म्हातारा बराच वेळ मण्यांकडे बघत राहिला. गाठोड्यावरचा हात मात्र हलला नाही.

"लय भारी हाय," तो म्हणाला. "पर तुमचं आडनाव काय?"

त्यांनी दोरा बोटावर ताणून उजेडात धरला.

"ते यातच शोधायलोय, मामा. अजून सापडलं नाही."

जरा वेळानं म्हाताऱ्यानं गाठोडं उचलून मांडीवर घेतलं आणि मोकळ्या बाकावर हात फिरवला.

"बसा," तो म्हणाला.

तोवर परभणी आलं होतं.