थांबा, गाडी जाऊ द्या

केडगावहून शालनच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी शिरूरच्या घरी चष्मा शोधत होते. तो डोक्यावरच होता. "मावशी, आई गेल्या... पहाटे, झोपेतच." फोन ठेवला आणि पुन्हा उघडला. त्यात शालनचा आदल्या संध्याकाळचा आवाज होता : "विमे, चौथ्या धड्यातला नकाशा उघडत न्हाई. नवी पोरं यायच्या आत बघ." आयुष्यभराच्या मैत्रिणीचा शेवटचा निरोप हा! रडता रडता हसू फुटलं. तिला ते आवडलं असतं.

आम्ही दोघी एकाच कॉलेजात भूगोल शिकवायचो. टाळेबंदीत आम्ही मिळून माती आणि पाण्यावरचा ऑनलाइन अभ्यासक्रम केला. तेव्हाची माझी ऐट काय वर्णावी! ठेवणीतली पैठणी, केसांत गजरा, आणि सुरुवातीलाच खणखणीत 'सुप्रभात'. ऐकणारी पोरं मात्र सणसवाडीच्या कंपनीतून पाळी संपवून, भाड्याच्या खोलीत आडवी पडलेली. शालन आवाज घुमू नये म्हणून डोक्यावरून गोधडी घ्यायची आणि फोनमध्ये बोलायची. घर रुळांजवळ. मध्येच म्हणायची, "थांबा, गाडी जाऊ द्या," आणि खरंच थांबायची. मी म्हटलं, "अगं, काप की ते!" तर म्हणाली, "राहू दे. तेवढ्यात पोरांचं लिहून हुतंय."

अभ्यासक्रम पुरा झाला, शाल-नारळ मिळाला. लोणच्याची बरणी भरून दादरा बांधावा, तसं माझ्या लेखी काम संपलं. पुढच्या वर्षी एका सोमवारी तळेगाव ढमढेऱ्याची एक मुलगी कॉलेजच्या दारात उभी. "मॅडम, चाचणी कुठल्या वर्गात हाय?"

"कसली चाचणी गं?"

"तुम्हीच म्हणला न्हवं, येत्या सोमवारी? कामावर खाडा करून आले."

रेकॉर्डिंगमधला माझा तो 'येता सोमवार' वर्षापूर्वीच होऊन गेला होता! मला हसू आवरेना. शालन हसली नाही. तिनं मुलीला कँटीनमध्ये चहा-भजी खाऊ घातली, आणि त्याच आठवड्यात मला केडगावला नेऊन गोधडीखाली बसवलं. "सोमवार काढ. सुप्रभात काढ. आन् तासभर काय बोलतीस, कीर्तन हाय का? तुकडे कर." त्या गोधडीखाली मी घामानं निथळत होते, आणि ही बाहेरून विचारत होती, "पैठणी नेसलीस का गं आत?"

तेव्हापासून प्रत्येक सत्राच्या आधी शालन विद्यार्थिनी व्हायची. निवृत्तीनंतरही. नातीचा जुना फोन घेऊन दौंडच्या एसटीत बसायची आणि रेंज जात-येत असताना सगळे धडे ऐकायची. व्हिडिओ कुठं अडतो, प्रश्न कुठं कळत नाही, सगळं मला ऐकवायची. शिळं झालेलं स्वतःचं बोलणंही पुसून टाकायची. "ह्यात मी झकास बोलले होते गं..." एवढंच म्हणायची आणि पुसायची.

असं करता करता जुन्यातला, तिच्या आवाजातला एकच धडा उरला. उसाला पाटानं पाणी द्यायचा. आता शिवारात ठिबक आलंय, अभ्यासक्रमही बदललाय. प्राचार्य म्हणाले, "राहू द्या, मॅडम. आठवण म्हणून." मलाही तेच हवं होतं. नकाशा दुरुस्त केला आणि तो धडा तसाच ठेवला. चार दिवसांत त्याच्याखाली एका पोराचा प्रश्न आला : "मॅडम, ह्यातलं परीक्षेला काय येणार?" मी शालनचा धडा पुन्हा ऐकला... पुन्हा ऐकला... मग तिच्या घरच्यांसाठी वेगळा करून ठेवला आणि अभ्यासक्रमातून काढला.

सुनेनं न मागता गोधडी पाठवली. अजून तिला शालनच्या शिकेकाईचा वास आहे. परवा ती डोक्यावरून घेतली आणि ठिबकचा धडा बोलायला लागले. अर्ध्यावर, अवघड जागी, माझी जीभ आपोआप थांबली. शिरूरला रेल्वे नाही.

"थांबा," मी म्हणाले, "गाडी जाऊ द्या."

आणि गोधडीखाली गप्प बसून राहिले. तेवढ्यात पोरांचं लिहून होईल.