फाट्यावरचा पांढरा उजेड

समोरून येणारा लाइट खाली करत नाही तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. शेंद्र्याच्या कारखान्यातून घरी येताना जालना रोडवर रोज तेच. पांढरेफटक दिवे, थेट डोळ्यांत. मी काच खाली करून शिव्या घालतो. ऐकायला कुणी थांबत नाही. अशाच एका संध्याकाळी ठरवलं, बस झालं, आता आपणही दाखवू.

सुट्टीच्या दिवशी गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेलो. "सगळ्यात जोराचा द्या," म्हणालो.

"एलईडी टाका साहेब," दुकानदार म्हणाला. "तुमचे हे बल्ब म्हंजे चिमण्या हायेत. एलईडी टाकला की समोरचा आपोआप बाजूला व्हतो, बघा!"

मला हेच ऐकायचं होतं. हेडलाइटचे बदलले, खालच्या फॉग लाइटमध्येही पांढरेच घातले. झोत कुठे पडतो ते त्याने पाहिलं नाही, मीही नाही. कारखान्यात मी तपासणीला आहे. केसाएवढा फरक दिसला तर अख्खा लॉट परत पाठवतो. आणि इथे गाडीपुढे उभा राहून मोबाइलवर फोटो काढत होतो!

आबा आणि आई पिशोरजवळ मळ्यात राहतात. आमचा फाटा बाभळींत लपलेला, पाटी वगैरे काही नाही. मी येणार असलो की आबा दिवस मावळताना फाट्यावर येऊन उभे राहतात आणि टॉवेल हलवून वळण दाखवतात. तो फाटा मला डोळे झाकून सापडतो, पण ही त्यांची रीत. महिन्यापूर्वी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता येऊ नका म्हटलं, तर म्हणाले, "डोळा नवा केला तो काय घरात बसायला?"

त्या शनिवारी संध्याकाळी मळ्याकडे निघालो. धुकं नव्हतं, तरी फॉग लाइट चालू. समोरचे एकामागून एक डिपर मारत होते आणि मी हसत होतो. भोगा आता! एका ट्रॅक्टरवाल्याने हात वर करून काहीतरी सुनावलं. मी लाइट खाली केले नाहीत. फाटा आला, आबा दिसले नाहीत. ऐकलं म्हणायचं एकदाचं, असं वाटून गाडी आत वळवली.

अंगणात आई म्हणाली, "आबा कुठंयत? तुलाच घ्यायला गेले की."

टॉर्च घेऊन पळत परत गेलो. आबा रस्त्याकडेच्या चारीत बसले होते. कपाळ खरचटलेलं, हाताने गवतात काळा चष्मा चाचपत होते. ऑपरेशनचा डोळा लालभडक.

"कुण्या नालायकाच्या गाडीचा उजेड आला," ते म्हणाले. "काहीच दिसंना. मागं सरलो अन् पाय गेला."

सकाळी शहरात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आणलं. आत मार लागला आहे, नजर राहील की नाही ते दोन दिवसांनी सांगतो, म्हणाले. ते दोन दिवस मी वेड्यासारखा चिडलेला होतो. दुकानदारावर जाऊन ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, "जोराचा द्या, तुम्हीच म्हणला व्हता."

मग एका म्हाताऱ्या वायरमनकडे गाडी नेली. "बल्ब बदलला, पण मागची वाटी जुन्या बल्बाच्या मापाची हाय," तो म्हणाला. "उजेड रस्त्यावर कसा पडंल? मान्सांच्या डोळ्यातच जानार." त्याने कंपनीच्याच वॅटचे बल्ब फडक्यात धरून बसवले, बोट लागलं तर काच तडकते म्हणून. हेडलाइटची पिवळी पडलेली काच घासली, निम्मा अंधार तिथेच गेला. सपाट जागेवर गाडी भिंतीसमोर लावून खडूने रेघ मारली आणि झोत रेघेखाली येईपर्यंत स्क्रू फिरवला. फॉग लाइटला पिवळे बल्ब घातले. "धुकं असंल तरच लावायचे," असा दमही दिला. तासाभराचं काम. हे मला आधी कुणी सांगितलं नाही म्हणून राग आला. मी विचारलं कुठे होतं, म्हणून त्याहून जास्त आला.

डोळा वाचला. आबांना मळ्यात सोडलं, शेजारी भेटायला आले. आबा खाटेवर बसून रंगवून सांगत होते. "कुनी परका व्हता. आमचं पोरगं असतं तर लांबूनच लाइट खाली केले असते. मी शिकवलंय त्याला."

मी मान खाली घालून चहा देत होतो. शेजारी गेल्यावर राहवलं नाही. म्हणालो, "आबा, ती गाडी माझीच होती."

आबांनी चष्मा काढला, डोळ्याचं पाणी पुसलं.

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "त्या फाट्याला दुसऱ्या कुनाची गाडी वळती का रं?"