गोऱ्याच्या कबरीवर गूळभाकरी

निजामाच्या राजवटीत मी औरंगाबादच्या छावणीत दुधाचा रतीब घालायचो. पहिली जर्मनची लढाई ज्या तारखेला थांबली, त्या तारखेला दर हिवाळ्यात मेलेल्या शिपायांसाठी बिगूल वाजायचा आणि साहेबासकट सगळी पलटण मैदानावर गप्प उभी राहायची. त्याच वेळी एक म्हातारी मागच्या गोऱ्यांच्या कबरस्तानात शिरायची. तिचं नाव मला कधीच कळलं नाही. वहाणा फाटकाशी काढून ती कोपऱ्यातल्या एका कबरीपाशी बसायची, पदरानं दगड पुसायची आणि गूळभाकरी ठेवायची.

एकदा मी विचारलंच, "मावशी, हा गोरा तुमचा कोण?"

"कुणी नाय. माझा ल्योक बसऱ्याच्या लढाईत गेला, तिकडंच पुरला. मला तिथं जाता येत नाय, याच्या मायला इथं येता येत नाय. म्हणून मी याचं बघते. तिकडं माझ्याचं कुणी बघत असंल."

"पण भाकरीवर गूळ?"

"साहेबाचं लेकरू हाय. तिखट सोसायचं नाय त्याला."

ती उठली. फाटकाशी वहाणा घालता घालता थांबली.

"माझ्याला ठेच्याबिगर घास उतरत नव्हता," ती म्हणाली. "बसऱ्यात मिरची मिळती का रं, बाबा?"