निळ्या गोळीचा सिनेमा

आमच्या कंपनीच्या नाटकमंडळात नायक मी होतो आणि माझा एक दोस्त प्रॉम्प्टर. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी कसा वागलो ते कळायला सोपं जाईल. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात मी मशीन शॉपला, तो स्टोअरला. दरवर्षी कामगारांच्या एकांकिका स्पर्धेत मी शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचो आणि तो विंगेत वही घेऊन उभा राहायचा. मी वाक्य विसरलो की हळूच द्यायचा. माझा त्याच्यावर फार जीव होता, कारण तो विंगेत होता.

शेजारची बंद पडलेली शेड कुणा हिंदी सिनेमावाल्यांनी शूटिंगला घेतली. श्रीमंत पोरांची पार्टी, तिथे कुणीतरी जीवघेणी निळी गोळी वाटतंय आणि पोरं पटापट मरतायत, अशी काहीतरी भानगड. पेपरात रोज गर्दच्या व्यसनाच्या बातम्या यायच्या, त्यामुळे सिनेमा धो धो चालणार याबद्दल कुणाला शंका नव्हती. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांचा असिस्टंट आमच्या कँटीनमध्ये आला. त्याला कोपऱ्यात बसून मरणारा एक पोरगा हवा होता. ठरलेला नट आलाच नव्हता. सगळ्यांनी मला पुढे ढकललं.

मी मेलो. कसा मेलो म्हणून सांगू! छाती धरली, तीन टेबलांना धडकलो, आईला हाक मारली, पडलो, उठलो आणि पुन्हा पडलो. कँटीनने टाळ्या वाजवल्या. असिस्टंट घड्याळ बघत होता. माझ्या धक्क्याने सांडलेले डबे तो, म्हणजे आमचा प्रॉम्प्टर, गोळा करत होता. असिस्टंटने त्याच्याकडे बोट केलं.

"अरे, मी कुठे? मी फक्त वही धरतो," तो आमच्याकडे बघून म्हणाला. पण बाकावर बसला आणि हळूहळू घसरत गेला. त्याला घेतलं.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो. तो मात्र रोज येऊन मलाच सगळं सांगायचा. "पेपरमिंट आहे रे ती गोळी, निळा रंग मारलेला. बघ, जीभ बघ." मी जीभ बघायचो आणि माझ्या पोटात दुखायचं. वर्तकनगरला घरी आई विचारायची, "तुला नाही का रे घेतलं?" तेव्हा तर जेवणच जायचं नाही.

सिनेमा लागला. रविवारी दुपारी ठाण्यात आम्ही तीसजण कंपनीतून गेलो. तो ठाकुर्लीहून त्याच्या आईला घेऊन आला होता. सिनेमा भिकार निघाला, आणि मी मनातल्या मनात पेढे वाटले. गोळ्या वाटणारा खलनायक कॉलेजचा प्रिन्सिपॉलच आहे हे मध्यंतराआधीच पोराटोरांना कळलं होतं; फक्त इन्स्पेक्टर झालेल्या नायकाला कळत नव्हतं. लोक ओरडून त्याला नाव सांगत होते. नशा चढली की सगळे एकसारखे डोळे फिरवत गोल गोल नाचायचे. हसून हसून माझे गाल दुखले.

मग तो दिसला. कोपऱ्यात बसलेला, एका पायात बूट, दुसरा बूट शेजारी पडलेला. त्याला तो घालून घरी जायचं होतं, एवढंच. पाय बुटाकडे न्यायचा, तो बाजूलाच टेकायचा. पुन्हा न्यायचा. तिसऱ्यांदा त्याने बुटाकडे असं बघितलं, की बूट कशाला म्हणतात तेच तो विसरला असावा. मग घसरला. थिएटर चिडीचूप झालं. माझ्या मागे बसलेली एक कोळीण हळूच म्हणाली, "अगो बाय, कुनाचा पोर गो?"

तसं मरणं मला जन्मात जमलं नसतं. हे मला त्या क्षणीच कळलं, आणि मी जळून खाक झालो.

बाहेर आल्यावर सगळ्यांनी त्याला उचलून घेतलं. पण त्याने मला बाजूला चहाच्या गाडीपाशी नेलं. "डायरेक्टरने पुढच्या सिनेमात बोलावलंय. मोठं काम आहे, महिनाभर. पण नोकरी सोडावी लागेल, मी अजून पर्मनंट नाही. तुला यातलं कळतं. खरं सांग, मला जमतं का रे?"

मी चहाचा घोट घेतला. सावकाश, विचार करतोय असं दाखवत.

"खरं सांगू? कॅमेऱ्याने सांभाळून घेतलं तुला. तो अभिनय नव्हता. तू नुसता पडलेलास."

त्याने मान हलवली. "मलाही तसंच वाटलेलं," म्हणाला आणि चहाचे पैसे त्यानेच दिले. पुढच्या स्पर्धेला तो वही घेऊन विंगेत हजर होता.

दहा-बारा वर्षांनी त्याच्याकडे जेवायला गेलो होतो. त्याच्या मुलीचं शाळेच्या गॅदरिंगला काम होतं, हरवलेल्या कोकराला शोधणाऱ्या आजीचं. "काकांना करून दाखव," तो म्हणाला. तिने पदर घेतला, खाटेखाली वाकून बघितलं, आणि कोकरू तिथे नाही हे कळल्यावर तशीच वाकलेली राहिली. मला तो बूट आठवला.

"छान," मी म्हणालो. मग जरा मोठ्याने पुन्हा म्हणालो, "फार छान केलंस गं."

त्याचे डोळे भरून आले. तिला जवळ घेऊन म्हणाला, "बघ, काका उगाच कुणाला छान म्हणत नाहीत. मला नव्हते म्हणाले."