सत्तर किलोंची हौसाकाकी

आमच्या मुर्धा गावात धर्माकाकाच्या जुन्या फियाटची चेष्टा केली नाही असा माणूस नव्हता, आणि त्यात मी, त्याचा सख्खा पुतण्या, सगळ्यात पुढे. काकाचा हट्ट मात्र साधा होता. हौसाकाकीला माहेरी, उत्तनला न्यायचं. दोन वर्षांपूर्वी ती ओट्यावरून पडली, मणका दुखावला आणि तिने अंथरूण धरलं. तिची आई नव्वदीची, तिला इकडे आणणं शक्य नव्हतं. एकदा काकीला रिक्षात घातलं, तर वाटेतलं मोरवा गाव येईपर्यंत धक्क्यांनी ती इतकी कळवळली की परत फिरावं लागलं. तेव्हापासून ती पडल्या पडल्या खिडकीतून उत्तनच्या रस्त्याकडे बघत राही. आम्हाला ते बघवत नसे.

गॅरेजवाला म्हणाला, "चाचा, ये गाडी भंगार में डालो." पण काका जन्मभर मिठागरात राबलेला माणूस, तो कुणाचं ऐकतोय! त्याने अंगणात गाडी विटांवर चढवली, मागच्या चाकांवरच्या, धक्के झेलणाऱ्या लोखंडी पाट्यांतला एकेक पाटा काढून टाकला, उरलेल्यांमध्ये टायरचे तुकडे कापून बसवले आणि सगळं होडीच्या नायलॉन दोराने आवळलं. मग मागच्या सीटवर मिठाचं पोतं आणि शेजारी काठोकाठ भरलेली कळशी. मोरव्यापर्यंत जाऊन यायचं, किती पाणी सांडलं ते बघायचं आणि पुन्हा गाडीखाली शिरायचं.

"पोतं किती किलोचं?" मी विचारलं.

"सत्तर. तुजी काकी सत्तरची हाय. तीस वर्षां झाली लग्नाला, मना ठाव न्हाय?"

मी हसलो. तेव्हा मलाही काही खटकलं नाही, याची आज लाज वाटते.

२००४च्या माघात एका सकाळी कळशीतला थेंबही सांडला नाही. दुसऱ्या दिवशी काकी हिरवं लुगडं नेसली. आम्ही तिला मागे बसवलं, मी पुढे बसलो. पुढच्याच राई गावातल्या पहिल्याच स्पीडब्रेकरवर गाडीचं मागचं अंग ताडकन उडालं. काकीने ओठ घट्ट मिटले.

काका उतरला, वाकून पाटे बघितले, दोर चाचपला. सगळं जागच्या जागी होतं. उठला आणि काचेतून काकीकडे बघतच राहिला. तिच्या खांद्यांची वर आलेली हाडं, मनगटात सैल झालेल्या बांगड्या. पस्तीस किलोसुद्धा भरली नसती. रोज तोच तिला उचलायचा, म्हणूनच बहुधा त्याला कळलं नव्हतं. माणूस रोज थोडं थोडं कमी होतं.

"काय मोडलां?" काकीने विचारलं.

"काय न्हाय. माजाच माप चुकलां. पोतां सत्तरचा भरलेलां."

तिला उमगायला थोडा वेळ लागला. मग म्हणाली, "तुमाला मी आजून तवरीच दिसते?"

काकाचे डोळे भरून आले. "मागं फिरू?"

"नको. आयेच्या मनात बी मी सत्तरचीच आसंन. चला, बगू दे तिला."

काकाने मला मागे बसायला खुणावलं. मी काकीला खेटून बसलो, कमी पडलेलं वजन भरून निघालं, गाडी खाली दबली आणि मग फारशी उडली नाही. उत्तन येईपर्यंत काकाने एकदाही आरशात पाहिलं नाही.