गोबरेमामांचा गाल

आमच्या नाटक कंपनीचे रंगभूषाकार म्हणजे गोबरेमामा. खरं नाव कुणी घेतच नसे. गालच तसे होते. त्यांच्या बोटांनी मला कितीदा राणी केलं, कितीदा म्हातारी. आता खरीच म्हातारी झाले आहे, पण मामांनी केलेल्या म्हातारीइतकी देखणी काही झाले नाही.

एका प्रयोगाआधी ते माझ्या भुवया रेखत होते. त्या सुमारास ते स्वतःच्या गालालाही रंग लावत. हौस असेल म्हणून कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी उकाड्याने तो रंग ओघळला. खाली जबड्यापासून वर चढत गेलेले पेन्सिलीचे काळे ठिपके दिसले.

"मामा, हे काय?"

"गाठ आहे. रोज सकाळी जिथे सापडते तिथे खूण करतो," हात न थांबवता ते म्हणाले. "वर चाललीये. मामीला सांगू नकोस."

मी बोट लावून पाहिलं. कातडीखाली दोऱ्यासारखं काहीतरी होतं. ते सरकलं. मी हात मागे घेतला. मामांनी माझी भुवई शांतपणे पुरी केली.

शेवटचा ठिपका डाव्या डोळ्याच्या जरा खाली होता. उजव्याने त्यांना आधीच धूसर दिसायचं. डावाही गेला असता तर मामांचं काम संपलं असतं.

मी कपडेपटात जाऊन मामींना सगळं सांगितलं. त्या तोंडातल्या टाचण्या काढून उठल्या आणि थेट मामांसमोर येऊन उभ्या राहिल्या. "चला दवाखान्यात. रंग लावून प्रेक्षक फसतात, गाठ नाही फसायची."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कुत्र्याच्या अंगातला किडा आहे, डासाने आणलेला. माणसात वाट चुकतो आणि भटकत राहतो. डोळ्यात शिरायच्या आत काढू."

पण शस्त्रक्रियेच्या सकाळी गाठ आदल्या दिवशीच्याच ठिपक्यावर होती. गाल मात्र लाल होऊन टरारून सुजला होता.

किडा निघाला तो मेलेलाच. त्याच्याभोवतीचा तुकडा बाईंनी पुढे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. गुलाबी दाण्यांनी भरलेल्या पेशी त्याला चहूबाजूंनी चिकटून बसल्या होत्या.

"गालातल्या चरबीत काही पेशी पहाऱ्याला असतात," त्या म्हणाल्या. "जन्मजात तयार, त्यांना शिकवावं लागत नाही. चरबीला इजा झाली की तिथून इशारा जातो, त्या जाग्या होतात आणि या दाणेदार पेशींना बोलावून घेतात. तुमच्या किड्याला त्यांनीच गाठलं."

"झालं," मामी म्हणाल्या. "म्हणजे आता या गालांना नावं ठेवायचीही सोय उरली नाही."

मामा हसले नाहीत. "हे सगळं मी झोपलेला असतानासुद्धा?"

"तेव्हाही."

"आणि मला पत्ता नाही."

डोळा वाचला. मामा पुन्हा आमचे चेहरे रंगवू लागले, पण मधेच थांबून स्वतःच्या गालावर तळहात ठेवत, बंद दाराला कान लावावा तसे. एकदा मी रंगपटात शिरले तेव्हा ते एकटेच आरशासमोर तसे बसलेले होते.

"दुखतंय का, मामा?"

"नाही गं. किडा होता तेव्हा बरं होतं," ते हळूच म्हणाले. "निदान तो कुठे आहे, ते तरी कळायचं."