आत्याला गड दाखवण्याचा कार्यक्रम

लग्नानंतर मी परदेशात स्थायिक झाले. गाव लाखनी, जिल्हा भंडारा.

'परदेश' हा शब्द माझा नाही, पुण्याच्या आत्याचा. माझं लग्न ठरलं तेव्हा तिने नकाशात नागपूरवर बोट ठेवलं, ते आणखी उजवीकडे सरकवलं आणि घाबरून विचारलं, "म्हणजे याच्याही पुढे महाराष्ट्र आहे?" तेव्हापासून ती दर फोनवर विचारते, "तिकडे सगळं मिळतं ना गं?" (मिळतं. आमच्या हायवेवर ट्रकचा टायरसुद्धा जेवणाच्या ताटाशेजारी मिळतो!)

गेल्या हिवाळ्यात ती परदेश बघायला आली. सोबत काका, पुण्याहून हाकत आणलेली त्यांची गाडी आणि मंदार. मंदार म्हणजे आत्याचा मुलगा. तिशी उलटलेला, अविवाहित, आणि त्या विषयावर कोणी तोंड उघडलं की कानात हेडफोन घालणारा. काकांना किल्ल्यांचं वेड, म्हणून मी आंबागड ठरवला.

"मी येतो ना संग," नवरा म्हणाला. "आज दुकानात माल उतरून राहिला, उद्या जाऊ."

"काही गरज नाही. मी आता इथलीच आहे."

नवरा हसला नाही. अनुभवी आहे. एवढंच म्हणाला, "बरं. पर रस्ता दोघाजणाले विचारजो."

मी कशाला विचारते! तुमसर मागे पडेपर्यंत मी धान, तलाव, जंगल आणि इथली माणसं यांवर अखंड बोलत होते. जिथे माहिती संपली तिथे बनवून सांगत होते. मग मोबाइलची रेंज गेली आणि नेमका तिथेच फाटा लागला.

फाट्यावर एक मोटारसायकलवाला उभा होता. त्याने आमच्या गाडीची पुण्याची नंबरप्लेट पाहिली आणि त्याचा चेहरा खुलला.

"पुन्यावून आले काजी? पाह्यले?"

"हव!" मी ऐटीत म्हटलं. ('पाह्यले' म्हणजे पाहायला, आणि होकाराला इकडे 'हव' म्हणतात. हा शब्द मला फार सुंदर येतो. बाकीचे यायचेत.)

"मंग चाला माह्या मांगं. कवाची वाट पाहून राहिलो!"

"बघितलंत?" मी मागे वळून म्हटलं. "अनोळखी माणसाला वाट दाखवायला हा इथे ताटकळत उभा होता! आमच्याकडे अशीच पद्धत आहे."

मोटारसायकल एका घरासमोर थांबली. अंगण सारवलेलं, दारात रांगोळी, ओसरीवर नव्या चादरी. घरमालक टोपी सावरत धावत आले. त्यांना सगळे पाटीलभाऊ म्हणत होते. पाय धुवायला पाणी आलं, आत्याला कुंकू लागलं, मंदारला मधोमध गादीवर बसवलं, आणि तर्री-पोहे, शेव, बुंदीचे लाडू अशा ताटल्या समोर आल्या.

"एवढं कशाला?" आत्या भारावून पुटपुटली.

"गड बघायला येणाऱ्या प्रत्येकाचं गाव असंच स्वागत करतं," मी म्हटलं. असं कुठलंही गाव पृथ्वीवर नाही, ही शंका मला शिवलीसुद्धा नाही!

कोपऱ्यातले एक आजोबा मंदारला निरखत होते. "फोटोत चश्मा नोता," ते म्हणाले. "अन् अंगानंही बारीक दिसत व्हता."

मंदारने लाडू ताटलीत परत ठेवला.

"आम्ही फार लांबून पाहायला आलोय," काका विषयावर आले. "मजबूत आहे ना अजून?"

"एकदम मजबूत जी!" पाटीलभाऊ म्हणाले. "शेतातलं, घरातलं सारं झेपते."

"आणि पडझड?"

पाटीलभाऊ चपापले. प्रामाणिक माणूस! "लहानपनी एकदा बोरीच्या झाडावून पडली व्हती. पर आता काई नाई."

"पडली?" काका माझ्याकडे वळले.

"भिंत," मी कुजबुजले. "यांच्या लहानपणी तटाची भिंत पडली असेल. झाडाचं मूळ शिरलं असणार तिच्यात."

काकांनी कौतुकाने मान डोलावली. इथवर मी निभावलं. मग आतून साडी नेसलेली एक तरतरीत मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली, सगळ्यांना चहा दिला आणि बरोब्बर मंदारच्या समोर मान खाली घालून बसली. मंदारने हेडफोन काढून खिशात टाकले. केसांवरून हातही फिरवला.

"ही आमची प्रगती," पाटीलभाऊ म्हणाले. "इचारा जी, काय इचाराचं ते."

आत्याचा कप ओठांशी थबकला. तिला कळलं. मला? छे! मी तज्ज्ञ!

"अगं बाई, गाइडसुद्धा गावातलीच!" मी म्हटलं. "काय गं प्रगती, तू आम्हांला वरपर्यंत नेशील ना?"

"कोठं?"

"गडावर!"

प्रगतीने मान वर केली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग मंदारच्या चष्म्याकडे. तिला हसू फुटणार तेवढ्यात तिने तोंडावर पदर दाबला. "बाबा," ती म्हणाली, "हे लोकं आंबागड पाह्यले आले. मले नाई."

आजोबांनी शेव चावणं थांबवलं.

आणि बाहेर हॉर्न वाजला.

खरे पाहुणे आले होते. त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला, त्यामुळे गाडी पुण्याची, आणि तो बिनचष्म्याचा, बारीक. मुलाची आई दारातच थांबली. गादीवरचा मंदार, समोर प्रगती, अर्धे खाल्लेले लाडू, सगळं तिने एका नजरेत टिपलं.

"वा पाटीलभाऊ! आमच्या आंधी दुसरंच पोरगं दाखवून राहिले तुमी? चाल रे बाबू, वापस!"

पाटीलभाऊंनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. दाराआड उभ्या असलेल्या प्रगतीच्या आईच्या डोळ्यांत पाणी तरळलं, आणि मला पहिल्यांदा जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी तोंड उघडलं. आत्याने माझा दंड दाबून ते मिटवलं. आणि ती उठली.

"अहो, या या! दुसरं कसलं पोरगं? मी प्रगतीची आत्या. पुण्याची! हा माझा मुलगा."

पाटीलभाऊंना उतारवयात एक सख्खी बहीण झाली. त्यांनी ती तात्काळ स्वीकारली.

मुलाची आई आत आली, बसली, आणि भुवई उंचावून म्हणाली, "मंग घरात आतेभाऊ असतानी बाहेरचा पोरगा कायले पाह्यता?"

इकडे मामाच्या मुलीवर आतेभावाचा पहिला हक्क असतो! ही एक पद्धत खरोखरची होती, आणि नेमकी तीच मी कोणाला सांगितली नव्हती.

"त्याचं ठरलंय," आत्या म्हणाली.

"कधी?" मंदार किंचाळला.

"गप्प बस!"

यानंतर आत्याने बचाव सोडला आणि हल्लाच चढवला. पुण्यात कुठे राहता? खोली कितीला? पाणी किती वेळ येतं? जेवणाचं काय? मुलगा घामाघूम झाला.

"आणि भांडी कोण घासतं?"

"मीच," तो बिचारा म्हणाला. "भाजीपन जमते. पोळी जमत नाई."

प्रगतीने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. मग त्या दोघांचं आपसात जे बोलणं सुरू झालं, त्यात आमची कोणालाच गरज उरली नाही. तासाभरात होकार झाला. मंदारने हेडफोन परत कानात घातले.

निघताना पाटीलभाऊंनी आत्यापुढे हात जोडले. "ताई, तुमी नसत्या त आज काई खरं नोतं."

"आम्ही नसतो तर काही झालंच नसतं," आत्या म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी अजून विसरले नाही.

आंबागड काकांनी गाडीच्या काचेतून पाहिला. उन्हं कलली होती. गड लांबूनही मजबूत वाटला. घरी नवऱ्याने विचारलं, "कसा वाटला गड?" तर तिघेही हसत सुटले, आणि पुढचे चार दिवस मी फक्त स्वयंपाक केला.

उन्हाळ्यात प्रगतीचं लग्न झालं. आत्या पुण्याहून सोन्याचे मणी घेऊन, खरी आत्या असल्याच्या थाटात आली. पाटीलभाऊ मोठ्या मनाचे. माझ्यावर राग न धरता त्यांनी मलाही मानाचं काम दिलं: फाट्यावर उभं राहून वऱ्हाडाच्या गाड्यांचं स्वागत करायचं आणि त्यांना मांडवाकडे वळवायचं. या खेपेला चूक नाही, असं ठरवून मी पहाटेपासून तयार होते. लांबून पहिली गाडी दिसली तशी मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. गाडी थांबवली. सगळ्यांवर गुलाबपाणी शिंपडलं, प्रत्येकाच्या कपाळाला टिळा लावला, तोंडात पेढा घातला आणि म्हटलं, "अहो, असे गंभीर काय बसलात? हसा की! आनंदाचा दिवस आहे!"

मागच्या सीटवरच्या म्हातारीने पेढा गिळला.

"बाई," ती म्हणाली, "आमी मयतीले चाललो."